सिस्टर लोकांचा दवाखाना: सासूबाईंच्या पायाचे चार महिने आणि मधेच गेलेल्या नर्स सिस्टर

हा रिव्ह्यू एप्रिलमधेच लिहिणार होती पण तेव्हा डोक्यात राग होता, आणि जखम पण अर्धी होती, म्हणून थांबली. आता मिरगाच्या आधी पाय भरला, म्हणून लिहून राहिली. दवाखान्याचं नाव अन् गावाचं नाव देत नाही कारण यात एका बाईची स्वतःची गोष्ट आहे, तिला विचारून, ती हो म्हणाली तेवढंच लिहिलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या पट्ट्यात सिस्टर लोकांचे, म्हणजे लग्न न करता व्रत घेऊन राहणाऱ्या ख्रिस्ती नन असतात त्यांचे, दवाखाने आहेत, त्यातला एक समजा.

झालं असं की तूर सोंगली, वावरात खुटं राहिले, अन् फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई सरपण गोळा करायला गेल्या तर तुरीचं खुट चपलेतून आरपार पायात घुसलं. चौदा वर्षांची शुगर आहे त्यांना, पायाला काही कळतच नाही, तिसऱ्या दिवशी मी घर पुसताना फरशीवर पिवळे डाग दिसले तेव्हा समजलं. तोपर्यंत हळद, चुना, बिडीची राख सगळं लावून झालं होतं. तालुक्याच्या एका डॉक्टरनं सांगितलं दोन बोटं काढावी लागतील, आणि खर्च असा सांगितला की आमचे हे बाहेर येऊन पायरीवरच बसले, कापूस घरात पडून होता, भाव नव्हता. मग शेजारची काकू म्हणे, "काऊन वं, सिस्टर लोकाईकडे ने ना एकडाव, माह्या भावाचा पाय त्याईनंच वाचवला."

तर आधी कामाची माहिती. केस पेपर २० रुपये, ड्रेसिंग ३०, शुगर तपासायचे ३०, औषधं बाहेरच्यापेक्षा स्वस्त अन् जास्तीची कोणी बांधून देत नाही. सकाळी ८ ते १२, दुपारी ३ ते ५. बुधवारी बंद असते कारण त्या जीप घेऊन वरच्या कोरकू गावांत जातात, हे बोर्डावर लिहिलेलं नाही, आम्ही पहिल्याच बुधवारी २२ किलोमीटर स्कूटीवर जाऊन परत आलो, उन्हात, सासूबाईंचा पाय पिशवीत गुंडाळून. डॉक्टर आठवड्यातून दोनदा बाहेरून येतात, त्यांनी पहिल्या दिवशी पाहून गोळ्या आणि इंजेक्शन लिहून दिले अन् म्हणाले बोटं आत्ताच काढायची गरज नाही, हाडापर्यंत गेलेलं नाही, पण ड्रेसिंग एक दिवसाआड झालीच पाहिजे अन् पाय जमिनीवर टेकवायचा नाही. आणि हो, लोक विचारतात म्हणून सांगते, चार महिन्यांत धर्माचं आम्हाला कोणी एक शब्द बोललं नाही. भिंतीवर येशूचा फोटो आहे, मदर तेरेसांचा आहे, एवढंच.

ड्रेसिंग करणाऱ्या नर्स सिस्टर एकतीस वर्षांच्या. पहिल्या दिवशी त्यांनी खाली बसून सासूबाईंचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. प्लास्टिक अंथरलं, सलाईनच्या बाटलीला सुईनं भोक पाडलं अन् बाटली दाबून बारीक धारेनं जखम धुतली, कितीतरी वेळ, राख अन् चुना निघेपर्यंत. मग चिमट्यानं काळी पडलेली कातडी थोडी थोडी धरून कात्रीनं कापली. वास असा होता की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, खोटं कशाला सांगू. त्या बाईनं मात्र तोंड फिरवलं नाही, नाकाला पदर लावला नाही, उलट सासूबाईंना विचारून राहिल्या होत्या की आजी, आंबाडीची भाजी तुमच्याकडे कण्या टाकून करतात का डाळ टाकून. नंतर पारदर्शक पन्नीचा एक चौकोनी तुकडा जखमेवर ठेवला, मार्करनं जखमेच्या कडेकडेनं रेघ मारली, कोपऱ्यात तारीख टाकली, अन् ती पन्नी पुसून फाइलमध्ये लावली. म्हणाल्या दर आठवड्याला असं काढायचं, मग डोळ्यानं दिसते लहान होऊन राहिली का मोठी, नाहीतर माणसाला रोज पाहून काही समजत नाही. पहिली पन्नी पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा बरीच मोठी होती, वाकडीतिकडी, गावाच्या नकाशासारखी.

आता एक दिवसाआड जायचं म्हटलं की तास-दीड तास बाकड्यावर बसणं आलं. बाकड्यावरच्या बाया काय बोलतात? सिस्टर लोकांबद्दलच बोलतात. यांचं लग्न का नाही झालं, गरिबाच्या पोरी असतील, प्रेमात फसल्या असतील, रंग सावळा म्हणून कोणी केलं नसेल, घरच्यांनी देऊन टाकलं असेल. मी पण हेच धरून होती. पण मला राहवत नाही, मी मोठ्या सिस्टरांना तिसऱ्या-चौथ्या भेटीत सरळ विचारलं की तुम्ही यात कशा आल्या.

मोठ्या सिस्टर केरळच्या, १९७७ साली अठरा वर्षांच्या असताना आल्या, आता आपल्यासारखी वऱ्हाडी बोलतात, फक्त एक फरक, आपण डोया म्हणतो, काया म्हणतो, त्या 'डोळा' अन् 'काळा' असा ळ ठणठणीत म्हणतात. राग नाही आला त्यांना. म्हणाल्या, "आम्ही आठ भावंडं होतो, पाच पोरी. हुंडा द्यायला बापाकडे काय होतं? लोक म्हणतात हुंड्यापायी आली, तर थोडं ते पण खरं असेल, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या चर्चमध्ये दोन सिस्टर होत्या, त्यातली एक सायकल चालवायची, बाळंतिणींच्या घरी जायची. मले तसं व्हायचं होतं. आली होती एका कारणानं, राहिली दुसऱ्याच." मी विचारलं दुसरं कोणतं, तर म्हणाल्या ते पुढे कधी सांगीन.

ते त्यांनी मार्चमध्ये सांगितलं. १९९५ च्या २५ फेब्रुवारीला मध्य प्रदेशात इंदूरकडे राणी मारिया नावाच्या सिस्टरांना बसमधून खाली ओढून चाकूनं मारलं होतं. त्या उदयनगर भागात आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवायचं काम करत, बचतीचे गट करत, म्हणून काही लोकांच्या डोळ्यात खुपल्या होत्या. त्या पण केरळच्याच. ही बातमी ऐकून मोठ्या सिस्टरांच्या भावानं पत्र लिहिलं, परत ये, पुष्कळ झालं. "तेव्हा मी छत्तीसची होती. पत्र घेऊन मी दोन दिवस फिरली. जावंसं पण वाटलं, भीती वाटली ना. अन् तेव्हा मले पहिल्यांदा कळलं का मी बापाच्या गरिबीनं इथं नाही, मी माझ्या मनानं आहे, कारण त्या दिवशी जायचा रस्ता खुला होता अन् मी गेली नाही." राणी मारियाच्या लहान बहिणीनं, त्या पण सिस्टरच, पुढे जेलमध्ये जाऊन त्या मारणाऱ्या माणसाला राखी बांधली, आणि २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संत व्हायच्या आधीची पायरी, त्या कार्यक्रमाला मोठ्या सिस्टर इथून रेल्वेनं गेल्या होत्या. सांगताना त्यांचा हात गोळ्यांच्या डब्यावर होता, चाळीस-पन्नास वेळा तेच झाकण लावलं-काढलं असेल.

नर्स सिस्टर झारखंडच्या, उराव आदिवासी समाजाच्या. त्यांच्या गावात रस्ता नव्हता. भावाला मलेरिया डोक्यात गेला होता तेव्हा दोन सिस्टर रात्री टॉर्च घेऊन जंगलातून पायी आल्या, सकाळपर्यंत बसल्या, भाऊ वाचला. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. बारावी झाली अन् गेल्या. म्हणाल्या मला देवापेक्षा आधी ती टॉर्च दिसली होती, देव मागून आला. तिसऱ्या एक लहान सिस्टर आहेत, बालवाडी अन् पोरींचं वसतिगृह पाहतात, त्यांनी सरळ सांगितलं की मला शिकायचं होतं, घरी नववीनंतर बंद करणार होते, वसतिगृहात आली, सिस्टरांसोबत राहून राहून वाटायला लागलं. म्हणजे तिघींच्या तीन तऱ्हा, अन् बाकड्यावरच्या गप्पांपैकी एक पण पूर्ण जुळत नव्हती.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती, तुम्हालाही नसेल. आपल्याला वाटते पोरगी गेली, कपडे बदलले, झाली सिस्टर. तसं नाही. आधी एक-दोन वर्षं नुसतं सोबत राहायचं. मग नोव्हिशिएट म्हणतात ते, म्हणजे व्रताच्या आधीची तयारी, सतरा पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत, कमीत कमी बारा महिने अन् जास्तीत जास्त दोन वर्षं. मग पहिली व्रतं, दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन, पण ती मुदतीची असतात, तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत, फार तर वाढवून नऊ. त्यानंतर कायमची. आणि मुदत संपली की जिला जायचं ती जाऊ शकते, कोणाची परवानगी लागत नाही. जबरदस्तीनं, भीती दाखवून किंवा फसवून कोणाला घेतलं तर ते घेणंच रद्द, हे त्यांच्या चर्चच्या कायद्यात लिहिलेलं आहे. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्याकडे पोरगी पाहायला येतात, चहा-पोहे होतात, दोन महिन्यात अक्षता. आमच्याकडे दहा-बारा वर्षं पाहणं चालते, दोन्हीकडून." कायमच्या व्रतानंतर निघायचं असेल तर मात्र अर्ज करावा लागतो, संस्था थेट रोमच्या हाताखालची असेल तर रोमकडे, इथल्या बिशपच्या म्हणजे चर्चच्या त्या भागातल्या प्रमुखाच्या हाताखालची असेल तर बिशपकडे. आणि नुसतं बाहेर राहून विचार करायचा असेल तर त्याची पण सोय आहे, वरच्या प्रमुख सिस्टर आधी तीन वर्षांपर्यंत सुट्टी देऊ शकत होत्या, २०२२ मध्ये पोप फ्रान्सिसनी ते पाच केलं.

हे ऐकून मला पवनार आठवलं. माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, शाळेची सहल धाम नदीवर गेली होती, तिथं विनोबांनी १९५९ मध्ये बायांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं, लग्न न करता एकत्र राहायचं, स्वतः वावरात काम करायचं, प्रार्थना करायची. आम्ही पोरी त्या आजींकडे पाहून असंच खुसूखुसू बोलत होतो. अन् आपल्या अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर आहे, तेराव्या शतकात महदंबा चक्रधर स्वामींच्या मागं गेली, महानुभावांमध्ये बाया तेव्हापासून संन्यास घेऊन राहिल्या आहेत. म्हणजे बाईनं घरदार सोडून अशा वाटेनं जाणं आपल्या मातीला नवं नाही, मग सिस्टर दिसली की आपण लगेच फसली-टाकली कशाला म्हणतो हे मला खरंच समजत नाही.

मार्च संपेपर्यंत पन्नीवरची रेघ अर्ध्यावर आली होती. एकदा ड्रेसिंग चालू असताना बारा वाजले, आतून घंटी झाली, बाकीच्या सिस्टर प्रार्थनेला गेल्या, या उठल्या नाहीत. गॉज गुंडाळून होईपर्यंत बसल्या. सासूबाई म्हणाल्या जा ना माय, देवाची वेळ झाली, तर त्या म्हणाल्या "हे पण तेच आहे आजी." दुसऱ्या एका दिवशी रात्रभर बाळंतपण करून डोळे लाल झाले होते, तेव्हा त्यांनी सांगितलं की १९३६ पर्यंत सिस्टर लोकांना बाळंतपणाच्या डॉक्टरकीची मनाईच होती, व्रत घेतलेल्या बाईनं हे करू नये असा रोमचा नियम, ॲना डेंगल नावाच्या एका ऑस्ट्रियन डॉक्टर बाईनं तेव्हाच्या अखंड भारतात पाहिलं की पुरुष डॉक्टरकडे जायचं नाही म्हणून बाया मरून राहिल्या आहेत, अन् तिनं अन् तिच्यासारख्यांनी इतका पाठपुरावा केला की शेवटी नियम बदलला. हे सांगताना त्या जांभया देत होत्या पण खुश होत्या.

आता तक्रार.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो तर नर्स सिस्टर नाहीत. विचारलं तर काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं ट्रान्सफर झाली. कुठं? माहीत नाही. दुसरी नर्स कधी येईल? येईल. बस. ड्रेसिंग त्या पोरीनंच केली, स्पिरिट ओतलं, कापूस लावला, पट्टी करकचून बांधली, पन्नी काढलीच नाही. असे तीन आठवडे गेले. कापसाचे तंतू जखमेत चिकटत होते, ओढून काढताना रक्त येत होतं. मे लागता लागता कडा पुन्हा पांढऱ्या पडल्या अन् वास आला, मी त्या दिवशी घरी येऊन रडली. मला चीड याची आली की रोज येणाऱ्या पेशंटला खरं सांगितलं नाही. ट्रान्सफर झालीच नव्हती. आम्हाला आधी सांगितलं असतं की अमुक तारखेनंतर नर्स नाही, तर आम्ही दुसरी सोय केली असती, किंवा मी स्वतः शिकून घेतलं असतं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण संस्थेच्या वरच्या लोकांना वाटलं असेल की सोडून गेली असं सांगितलं तर नाव खराब होईल. झालं उलटं, ट्रान्सफरवर कोणी विश्वास ठेवला नाही अन् पंधरा दिवसांत बाकड्यावर "पळाली" सुरू झालं, जीपच्या ड्रायव्हरसोबत नाव जोडलं, तो बिचारा पाच लेकरांचा बाप, जीप सोडून घरी बसला.

मला त्या कशा सापडल्या ते सांगते. तालुक्याला रेशनच्या केवायसीसाठी गेली होती, एसटी स्टँडवर रसवंतीपाशी एक बाई उभी, पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, हातात स्टीलचा डबा. चेहरा ओळखीचा अन् ओळखूच येईना कारण डोक्यावर काही नव्हतं, केस दिसत होते. त्यांनीच विचारलं, "ताई, आजीचा पाय कसा आहे?" सगळ्यात आधी हेच. मी पाय सांगितला तर त्या रसाचा ग्लास तसाच ठेवून माझ्यासोबत बसमध्ये बसल्या अन् घरी आल्या.

घरी ड्रेसिंग झाली, चहा झाला, मग बोलल्या. त्या दिवशी अन् पुढच्या रविवारी मिळून जे सांगितलं ते असं. त्यांची मुदतीची नऊ वर्षं संपत आली होती, पुढे कायमचं व्रत. त्याआधी महिनाभर एकांतात राहून विचार करायला लावतात. कोणी माणूस नव्हता, कोणाशी भांडण नव्हतं, देवावरून विश्वास उडाला असं पण नव्हतं. पाच वर्षांत तीन जागा बदलल्या होत्या. दर वेळी कोणाचा तरी पाय असा अर्धा सोडून जायचं, भाषा नवीन, सोबतच्या सिस्टर नवीन. पुढचं शिक्षण घ्यायचं होतं, बीएस्सी नर्सिंग, दोनदा विचारलं, नाही म्हटलं, माणसं कमी आहेत, आत्ता नाही. आज्ञापालनाचं व्रत आहे म्हणून गप्प राहिल्या. पण हे पण त्या म्हणाल्या खरं कारण नाही, हे तर नवऱ्याच्या घरी पण होते. खरं कारण संध्याकाळ. सात वाजता दवाखान्यातलं सगळं आवरलं की प्रार्थना, जेवण, मग चार बाया एका टेबलावर, कोणाच्या मनात काय आहे कोणी बोलत नाही, सगळ्या थकलेल्या. "ताई, मी पेशंटपाशी असली की प्रार्थना आपोआप व्हायची. चॅपलमध्ये, प्रार्थनेच्या खोलीत, बसली की नुसते शब्द. तीन वर्षं मी नुसते शब्द म्हटले. आता हात ठेवून जन्मभराचं म्हणायचं, अन् ते खोटं म्हणायचं, ते मला जमलं नाही." एवढं बोलून त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला अन् पूर्ण रिकामा केला.

आईला फोन करायला त्यांना नऊ दिवस लागले. गावात त्यांच्या पहिल्या व्रताच्या वेळी मांदर म्हणजे तिकडचा ढोल वाजला होता, सगळ्या गावाला जेवण दिलं होतं, आता बापाला चर्चमध्ये लोक काय विचारतील याचीच धास्ती. यायच्या वेळी जेवढा गाजावाजा होतो ना, जायच्या वेळी तेवढीच गुपचूप. त्या पहाटे पाचच्या गाडीनं गेल्या, एक बॅग, थोडे पैसे, लहान सिस्टर दारापर्यंत आल्या होत्या बस.

पैशाचं नीट समजून घ्या कारण ते लोकांना माहीत नसते. दारिद्र्याचं व्रत म्हणजे पगार संस्थेत जमा. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरांचा पगार सरकारकडून येतो तो पण तिकडेच जातो, म्हणूनच त्यातून टीडीएस म्हणजे इन्कम टॅक्स कापायचा का नाही यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडण होतं, आम्ही तर व्यवहाराच्या दृष्टीनं मेल्यासारखेच, आमचं उत्पन्न कसलं, असं सिस्टर लोकांकडून म्हणणं होतं, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कापायचाच. तर अशी बाई निघाली की तिच्या नावावर काही नसते. त्यांच्या कायद्यात आहे की निघणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, पण त्याच कलमात पुढे हे पण आहे की संस्थेनं तिच्याशी न्यायानं अन् प्रेमानं वागावं. किती द्यायचं तो आकडा कुठं नाही, ते वरच्यांच्या मनावर. यांना मिळाले त्यात तालुक्याला खोलीचं डिपॉझिट अन् दोन ड्रेस झाले. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, सर्टिफिकेट स्वतःच्या नावाचं होतं म्हणून एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नाइट ड्युटी मिळाली, पण पगार फ्रेशरचा, कारण सात वर्षं काम केलं त्याचा अनुभवाचा दाखला संस्थेच्या ऑफिसमधून निघत नव्हता. फोन केला की पुढच्या आठवड्यात. हे मला अजिबात पटलं नाही. ज्या हातांनी तुमच्या दवाखान्याचं नाव झालं त्या हातांना एक कागद द्यायला काय जाते.

मी हे मोठ्या सिस्टरांना तोंडावर बोलली. बोलायलाच गेली होती. दवाखाना सोडला नव्हता आम्ही, गोळ्या-इंजेक्शन तिथूनच होतं, ड्रेसिंग मात्र नर्स ताई रविवारी घरी येऊन करत अन् मधल्या दिवसांची त्यांनी मला शिकवली, आधी हात साबणानं, मग सलाईन, कापूस नाही गॉज, गॉज भिजवून पिळून, वर कोरडं, पट्टी बोट आत जाईल इतकी सैल. मोठ्या सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. भिंतीवरच्या मदर तेरेसांच्या फोटोकडे बोट दाखवलं. "या पण निघाल्या होत्या, माहीत आहे का? १९२८ ला लोरेटो नावाच्या सिस्टर लोकांच्या संस्थेत आल्या, वीस वर्षं राहिल्या, १९४८ च्या ऑगस्टमध्ये रोमची परवानगी घेऊन बाहेर पडल्या, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून. पाटण्याला जाऊन आधी ड्रेसिंग-इंजेक्शन शिकल्या. आता सगळे फोटो लावतात. तेव्हा कॉन्व्हेंटच्या, सिस्टर राहतात त्या मठाच्या, दारातून निघताना त्यांना किती जड गेलं असेल." मग गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी जगात दहा लाख सिस्टर होत्या, आता सहा लाख पण राहिल्या नाहीत. युरोपात मोठमोठे कॉन्व्हेंट रिकामे, पोरींना शिक्षण आहे, नोकरी आहे, सेवा करायला व्रत घ्यायची गरज राहिली नाही. केरळात घरात दोन लेकरं, नर्स झाली की ती बाहेरदेशी जाते. म्हणून आम्ही झारखंड, ओडिशाला जातो पोरी पाहायला. अन् एक गेली की आम्ही घाबरतो. घाबरून चूक करतो. तुमच्याशी खोटं बोलायला नको होतं, मी तेव्हा वर बोलली नाही ही माझी चूक." सत्तरीला टेकलेली बाई असं सरळ कबूल करते, मला पुढे काही बोलता आलं नाही.

रेटिंग द्यायचं तर उपचार अन् स्वभाव पाच पैकी पाच, अजून पण. दोन बोटं वाचली, पूर्ण चार महिन्यांचा खर्च साडेसहा हजारांच्या आत झाला. वेळ अन् माहिती पाच पैकी दोन, बुधवारचा बोर्ड अजून लावला नाही, मी दोनदा सांगितलं. नवीन नर्स सिस्टर मेच्या शेवटी आल्या आहेत, छत्तीसगढच्या, हात चांगला आहे, मराठी अजून येत नाही, हिंदीत बोला, घाई करू नका. त्या पण अजून मुदतीच्या व्रतात आहेत, त्यांना बाकड्यावरून लग्नाचं विचारून हैराण करू नका अशी माझी बायांना हात जोडून विनंती आहे. विचारायचंच असेल तर जेवल्या का विचारा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गोळ्या आणायला गेली तर मोठ्या सिस्टरांनी एक खाकी पाकीट दिलं, रविवारी तिला दे म्हणाल्या. सोबत सासूबाईंची जुनी फाइल पण दिली, पन्न्यांसकट. रविवारी नर्स ताईंनी पाकीट उघडलं. सात वर्षांचा दाखला, तारखांसहित, शिक्का, सही. मोठ्या सिस्टर त्यासाठी स्वतः दोनदा नागपूरला जाऊन आल्या होत्या हे मला लहान सिस्टरांकडून समजलं. ताईंनी तो दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला, हात धुतले अन् सासूबाईंचा पाय मांडीवर घेतला. पट्टी काढली, कोरडी निघाली. फाइलमधल्या पन्न्या ओळीनं सतरंजीवर मांडल्या, फेब्रुवारी, मार्च, मधे तीन आठवडे काहीच नाही, मग मे. सासूबाई वाकून पाहत होत्या, म्हणे, "एवढं होतं का वं माय?" ताईंनी नवीन पन्नी कापून तळव्यावर ठेवली, मार्करचं टोपण काढलं, इकडून तिकडून पाहिलं, रेघ मारायला काही नव्हतं. कोपऱ्यात तारीख टाकली अन् फाइलला लावून दिली.